अध्यक्षपदाचं वर्ष आणि सासूबाईंचा गुडाखू

ज्या थंडीत माझे यजमान गेले, त्याच थंडीत मी संस्थेची अध्यक्ष झाले होते. निकोटिन आणि तंबाखूवर संशोधन करणाऱ्यांची ही संस्था. तिचं पूर्ण नाव लांबलचक आहे, त्यामुळे आपसांत आम्ही नुसतं 'संस्था' म्हणतो. नागपूरला मला औषधशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी ती आपल्या विभागातल्या एका खोलीत सुरू केली, तेव्हा आम्ही सगळे सभासद एका सुमोत मावलो असतो. नंतर ती वाढत गेली. दंतवैद्य होतेच, पण मानसशास्त्राचे, रसायनशास्त्राचे, अर्थशास्त्राचे लोक येऊ लागले. दूरच्या राज्यांतून अर्ज येऊ लागले. निवडणूक झाली आणि गोंदियासारख्या गावातल्या कॉलेजात दात बघणारी मी अध्यक्ष झाले, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं होतं. यजमानांनी त्या संध्याकाळी बाजारातून बालूशाही आणली होती.

ते आमगावला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. रोज गाडीनं ये-जा. एका दुपारी तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आले, चहा सांगितला, खुर्चीत बसले आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. आधी कधी काही नव्हतं.

भेटायला येणाऱ्या माणसांपैकी कोणीतरी हळूच विचारायचं, सर खर्रा खायचे का? आमच्याकडे सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकवर घोटून केलेला खर्रा ऑफिसपासून शेतापर्यंत सगळीकडे चालतो, आणि माझं काम सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्यांचं विचारणं स्वाभाविक होतं. मी सांगायचे, नाही, सुपारीसुद्धा नाही. बिडी? नाही. मग समोरचा माणूस थोडा निराश झाल्यासारखा दिसायचा. काहीतरी कारण मिळालं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं आणि कदाचित मलाही.

मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. मी रोज लोकांच्या हिरड्यांत सुई देते. सुई दिल्यावर माणसाला आपण दाताला हात लावतोय हे कळतं, दाब कळतो, फक्त दुखणं कळत नाही. माझं तसं झालं होतं. सगळं कळत होतं. दूधवाला आला हे कळत होतं, कपाटातले त्यांचे शर्ट दिसत होते. कॉलेजात रुजू झाले, विद्यार्थ्यांना शिकवलं, ते काही गमतीचं बोलले तर कुठे हसायचं तेही समजत होतं.

अध्यक्षपद सोडावं असं मनात होतं. पण राजीनामा द्यायचा म्हणजे पत्र लिहायचं, कारण द्यायचं, मग सगळ्यांचे फोन घ्यायचे. तेवढं करायची ताकद नव्हती. नागपूरच्या माझ्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, "राहा तू. नाही झेपलं तर सांग, मी आहे." मी बरं म्हटलं. अशी मी अध्यक्ष राहिले.

कार्यकारिणीची बैठक संगणकावर व्हायची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी बसायचे. पडद्यावर चौकोनाचौकोनांत चेहरे. त्या वर्षी भांडणाला एक मोठं कारण मिळालं होतं. तंबाखू नसलेल्या, पण निकोटिन असलेल्या, ओठाखाली ठेवायच्या पुड्या बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या संशोधकानं सभासदत्वासाठी अर्ज केला होता. अर्ज करणारा माझाच जुना विद्यार्थी होता. त्याचं म्हणणं असं, की ज्यांना सोडताच येत नाही त्यांना निदान कमी घातक वस्तू मिळावी, आणि हे शास्त्र आहे, पाप नाही. अर्ध्या लोकांना ते पटत होतं. संस्था वाढवायची तर दारं उघडी ठेवा, असं ते म्हणायचे. उरलेले म्हणायचे की आज एक येईल, उद्या कंपनीच ठरवेल आपण काय छापायचं. बाहेरून आलेला मानसशास्त्राचा एक तापट प्राध्यापक तर बोलता बोलता कॅमेराच बंद करायचा. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि पुढचं नाव पुकारायचे. कोणी माझ्यावर पक्षपाताचा आरोप केला तरी मी म्हणायचे, तुमचं म्हणणं नोंदवलं, आता यांना बोलू द्या.

बैठक संपल्यावर मला निरोप यायचे. मॅडम, काय शांतपणे हाताळलंत. तुमच्या संयमामुळे संस्था टिकली. मी आभार मानायचे. हा संयम नाही, हे त्यांना कसं सांगणार? मला राग येतच नव्हता. त्या वर्षी जेवढे नवे सभासद झाले तेवढे आधी कधीच झाले नव्हते, आणि लोक त्याचं श्रेय मला देत होते.

तेरावं झाल्यावर सासूबाई माझ्याकडे राहायला आल्या. त्यांचं गाव आमगावच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. तो तलाव आमच्या घराण्यातल्या कोणा पूर्वजानं खोदवलेला, आणि त्या पाण्यावरच आमची धानाची शेती. शेती दीर बघतात. सासूबाईंना गावातच राहायचं होतं. दीर म्हणाले, वहिनी एकटी आहे, तू जा. त्या आल्या, पण कोण कोणाला सोबत देत होतं कोण जाणे. दिवसभर आम्ही दोघी चार शब्दसुद्धा बोलत नसू.

सासूबाई पूर्वी गुडाखू घासायच्या. तंबाखू आणि गुळाची काकवी मिळून केलेला हा काळपट लगदा छोट्या डबीत मिळतो. आमच्या भागात, छत्तीसगडच्या बाजूला, कितीतरी बायका तो बोटावर घेऊन दातांना घासतात. दात घासते एवढंच म्हणतात, नशा करते असं कोणी म्हणत नाही. माझं बरंचसं काम त्यावरच आहे. लग्नानंतर मी ते काम सुरू केलं, तेव्हा यजमानांनी आईच्या मागे लागून तिचा गुडाखू सोडवला होता. दर शनिवारी गावी जाऊन तिच्याजवळ बसायचे, पत्ते खेळायचे, तिची चिडचिड ऐकायचे. मी कितीही समजावलं असतं तरी त्यांनी सोडला नसता. पोराच्या हट्टापायी सोडला, असं त्याच सांगायच्या.

उन्हाळ्यात एका सकाळी न्हाणीघरात मला तो वास आला. गुळाचा, किंचित आंबूस. मी ओळखला. सासूबाई ओसरीवर तोंड पुसत बसल्या होत्या. आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई त्यांना डबी आणून द्यायची, हेही लवकरच लक्षात आलं. बोलण्यासारखं सगळं मला पाठ होतं, दर आठवड्याला मी ते कोणाला ना कोणाला सांगत होते. घरात मात्र ते तोंडातून निघालं नाही.

मग धानाची रोवणी लागली आणि ती बाई तिच्या गावी गेली. सासूबाईंची डबी संपली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. ताट सरकवून देत, रेडिओचा आवाज सहन होत नसे, हात सारखे पदराशी. ही लक्षणं मी शिकवते. मी पिशवीतून निकोटिनचं च्युइंगम काढून दिलं आणि कसं चावायचं ते सांगितलं. त्यांनी थोडा वेळ तोंडात ठेवून हातावर काढलं.

"हे चावाले दात लागतेत," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ किती रायले, तूच मोजले ना."

दंडावर लावायची पट्टी दिली, तर खाजते म्हणून त्यांनी ती दुपारपर्यंत काढून टाकली. संध्याकाळी मी चालत चौकातल्या पानठेल्यावर गेले. ठेलेवाला मला ओळखायचा, त्याच्या वडिलांच्या जिभेवरची जखम मी बघितली होती. मी गुडाखू मागितला, तेव्हा त्याला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "मॅडम, आप? रिसर्च के लिए चाहिए क्या?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नहीं, घर के लिए. त्यानं डबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, जणू दुसऱ्या कोणाला दिसू नये. मी ती घरी आणून सासूबाईंच्या उशीजवळ ठेवली. त्यांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबी उशीखाली सरकवली. त्या दिवसापासून डबी मीच आणू लागले. त्याच आठवड्यात मी संस्थेच्या वतीनं एक निवेदन लिहिलं, गुडाखूच्या डबीवरचा इशारा ठळक असावा म्हणून. दोन्ही गोष्टी मी केल्या आणि दोन्ही करताना मला सारखंच वाटलं, म्हणजे काहीच वाटलं नाही.

वार्षिक अधिवेशन हिवाळ्यात असतं. सासूबाईंना सोडून मला कुठे जाता येणार नाही म्हणून सरांनीच सुचवलं की या वेळी गोंदियालाच घेऊ. कार्यकारिणीत कुरकुर झाली. विमानतळ, हॉटेलं, सगळे प्रश्न निघाले. शेवटी तेच ठरलं. लोक रेल्वेनं आले, धान निघालेल्या मोकळ्या बांध्यांचे, भातखाचरांचे, फोटो काढत आले. काहींनी आधीच नागझिऱ्याची सफारी ठरवून ठेवली होती, त्यामुळे पहिल्या दिवशी निम्मी सभा वाघाबद्दलच बोलत होती. वाघ दिसला नव्हता.

सर आमच्या घरी उतरले होते. सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, आणि समोर पायरीवर सासूबाई बोटानं गुडाखू घासत होत्या. मी कप हातात धरून दारातच थांबले. संस्थेचे संस्थापक आणि अध्यक्षाच्या घरचा गुडाखू. सासूबाईंनी चूळ भरली आणि सरांना सरळ विचारलं, "तुमी बी तमाकूवालेच ना?"

सर म्हणाले, "हो, तंबाखूवालाच."

"मंग तुमी काय घासता?"

सर म्हणाले की घासत काही नाही, पण तरुणपणी बिडी ओढायचो, सोडली होती. पत्नी गेल्यावर पुन्हा वर्षभर ओढली. संस्थेचं काम चालू असतानाच. इतक्या वर्षांत हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी एखाद्या नातेवाइकाची खुशाली कळावी तशी मान हलवली. माझ्याकडे वळून सर म्हणाले, "चहा थंड होतोय." गुडाखूबद्दल ते मला तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा होती. त्या अर्जाचा निर्णय तिथेच व्हायचा होता. कंपनीच्या पगारावर असलेल्या माणसाला मताधिकारासह सभासद करायचं की नाही. माझा विद्यार्थी पुण्याहून आला होता आणि मागच्या रांगेत बसला होता. तो आमच्या घरी जेवून मोठा झालेला. त्याच्या प्रबंधासाठी लागणारं संख्याशास्त्र यजमानांनी त्याला आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. ते गेले तेव्हा तो मिळेल त्या गाडीनं आला आणि त्यानं खांदा दिला होता.

दोन्ही बाजूंनी भाषणं झाली. हात वर करून मतदान झालं, मोजलं, पुन्हा मोजलं. मतं समान पडली. अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक ठरतं. सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काही विचार केला असं सांगता येणार नाही. माझं मत फार पूर्वी, सगळं नीट चाललेलं असताना झालेलं होतं. विकणाऱ्याकडून पगार घेणाऱ्यानं अधिवेशनात यावं, निबंध वाचावा, कोणाचे पैसे घेतो ते सांगून हवं तेवढं भांडावं, पण संस्थेचे निर्णय त्यानं घेऊ नयेत. मी तेच सांगितलं आणि विरोधात मत दिलं. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना थांबायला सांगून पुढचा विषय घेतला.

जेवणाच्या सुट्टीत विद्यार्थी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातातल्या ताटात काही नव्हतं.

"सर असते तर त्यांनी मला असं बाहेर काढलं नसतं," तो म्हणाला. माझ्या यजमानांना तो सर म्हणायचा.

मी म्हटलं, सरांना मत नव्हतं, मला होतं.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "सध्या नाही वाटत."

मी खरं तेच सांगितलं होतं. त्याला ते टोचून बोलल्यासारखं वाटलं असणार. ताट तसंच टेबलावर ठेवून तो निघून गेला. दुपारच्या सत्रात त्याची खुर्ची रिकामी होती. मी समारोपाचं भाषण लिहून आणलं होतं तसंच वाचलं. लोक उभे राहिले. सरांनी शाल दिली.

अधिवेशनानंतर काही दिवसांनी सासूबाई जेवताना तोंड वाकडं करू लागल्या. तिखट लागतं, गरम लागतं. मी त्यांना गच्चीवर उन्हात बसवून आ करायला सांगितलं. आधी त्या तयार नव्हत्या. लहान मुलीसारख्या रुसून बसल्या. मग उघडलं तोंड. खालच्या हिरडीवर, जिथे त्या घासून झाल्यावर थोडा गुडाखू दाबून ठेवायच्या तिथे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला एक लाल ठिपका. असे चट्टे मी आयुष्यभर बघत आले आहे. विद्यार्थ्यांना पडद्यावर दाखवते. कडेचा लाल भाग बघा, तो महत्त्वाचा, असं सांगते.

दुसऱ्या दिवशी माझ्या सहकारी डॉक्टरबाईंनी तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल यायचा होता. त्या मधल्या दिवसांत एका सकाळी मी विभागात एका बाईची दाढ काढायला बसले. सुई भरली, तिच्या गालाशी हात नेला आणि तो पुढे जाईना. मी सुई खाली ठेवली, पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मी उठून सहकाऱ्याला बोलावलं आणि धुण्याच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. तळवे ओले झाले होते. मला भीती वाटत होती. हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला, इतक्या महिन्यांत असं काही झालं नव्हतं. सासूबाई मेल्या तर यजमानांचं म्हणून घरात जे उरलंय तेही जाईल, तसाच आवाज, तशीच हनुवटी, तसाच हट्ट, असं काहीबाही मनात आलं. मी नळ सोडून दिला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. किती वेळ रडले ते आठवत नाही. नंतर चेहरा धुऊन त्या बाईची दाढ कशी निघाली ते विचारायला गेले.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पेशी बिघडायला लागल्या होत्या, एवढंच. घासणं थांबलं तर चट्टा जाण्याची शक्यता होती. नाही थांबलं तर काही सांगता येत नव्हतं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"काई नाई ना निंगालं?" त्या म्हणाल्या. "मंग घासू ना मी?"

"नका घासू," मी म्हटलं.

"काऊन?"

इतक्या वर्षांचं पाठ असलेलं सगळं तयार होतं, पेशी, टक्केवारी, चित्रं. मी वर्ध्याकडची, नोकरीत येऊन पुस्तकी बोलायची सवय लागलेली. त्या दिवशी माहेरचं तोंडात आलं. "मले भेव लागते, माय."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "इतके दिवस तं नाई लागलं तुले."

"आता लागून राहिलं."

भाजी पूर्ण निवडून झाल्यावर उठल्या, आत गेल्या आणि डबी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, सगळा नाई सुटनार, सांगून ठेवते. सकाळी मागीन तेव्हा देजो. मी डबी स्वयंपाकघरात, चहापत्तीच्या शेजारी ठेवली. आजही सकाळी त्या एकदा मागतात आणि मी देते. काही दिवस मागत नाहीत. शनिवारी आम्ही पत्ते खेळतो. चट्टा मी दर महिन्याला बघते. तो लहान झालाय, गेलेला नाही. माझ्या शास्त्राच्या हिशेबात हे यश धरतात की अपयश, ते मला नीट ठरवता येत नाही.

मुदत संपल्यावर मी पद सोपवलं. नवी अध्यक्ष अर्थशास्त्राची आहे, फार लवकर चिडते, पण सगळं वेळेत करून घेते. संस्था वाढतेच आहे. आता सगळ्यांचे चेहरे पडद्यावर एकदम मावत नाहीत, पानं पलटावी लागतात.

यजमानांच्या वर्षश्राद्धाला विद्यार्थी आला. आधी कळवलं नव्हतं. दारात उभा राहून म्हणाला, जेवायला आलोय. सासूबाईंनी त्याला आत बोलावून टेबलापाशी बसवलं. जेवताना थोडा वेळ धानाचं, पावसाचं बोलून झालं आणि मग त्यानं तो विषय काढलाच. तुमचा निर्णय चुकीचा होता, असं म्हणाला. त्याच्या कंपनीच्या पुड्यांवरचे आकडे सांगू लागला. मी म्हटलं, ते आकडे तुझ्याच लोकांनी काढलेत. तो म्हणाला, मग तुम्ही काढा, तुम्हाला कोणी अडवलंय? मी भाताचं भांडं टेबलावर जरा जोरात ठेवलं आणि त्याला सुनावलं, खूप सुनावलं, बैठकीत कोणालाही कधी सुनावलं नव्हतं तसं. तोही बोलत राहिला. सासूबाई मध्येच म्हणाल्या, हळू बोला, शेजारी जेवून राहिलेत.

त्यानं ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला. मी वाढला.